ईव्हीएमवर भरवसा कशाच्या जोरावर ठेवायचा?

होटगी रोडवाला:
माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीच्या प्रकरणापासून आमच्या कट्ट्यावर रोज हीच वादावादी. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या लोकांनी ईव्हीएमवर शंका घेऊन मतपत्रिकेवर आपलं आपण मतदान घ्यायचं ठरवलं, प्रशासनानं जमावबंदी लावली. गंमत म्हणजे माळशिरसमधून निवडून आलेले आमदारच त्यांच्या बाजूनं. माझा भाऊ म्हणतो, मशीन इंटरनेटला जोडलेलं नसतं, विषय संपला. संपला का? इलेक्शन ड्युटी केलेलं कुणी आहे का इथं?

झेडपी मास्तर:
केंद्राध्यक्ष होतो, सांगतो. सातला मतदान, तर साडेपाचला मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान. उमेदवारांच्या एजंटांसमोर निदान ५० मतं टाकायची, व्हीव्हीपॅटच्या (मत कुणाला गेलं त्याची चिठ्ठी छापणारं यंत्र) चिठ्ठ्या मोजून कंट्रोल युनिटशी, म्हणजे मतं साठवणाऱ्या मशीनशी, ताळा करायचा, मग क्लिअर दाबून शून्य दाखवायचं. अक्कलकोटकडच्या एका केंद्रावर त्या वेळी एकच एजंट हजर. दुसरा उगवला तो सहीपुरता, हातात चहा. संध्याकाळी क्लोज दाबल्यावर एजंटांना १७-सी फॉर्मची प्रत देतो आम्ही. केंद्रावर एकूण किती मतं पडली ते त्यावर असतं, मोजणीला तोच आकडा मशीनशी जुळवायचा. ती प्रत घ्यायलासुद्धा काही जण थांबत नाहीत. निकालानंतर बोंब मारायला मात्र पुढं!

कन्ना चौक:
सगळं एजंटांवर ढकलू नका मास्तर. उमेदवार ठरले की व्हीव्हीपॅटमध्ये चिन्हं भरतातच की. म्हणजे बाहेरून काहीतरी आत जातंय.

झेडपी मास्तर:
जातं. म्हणून तर सर्वोच्च न्यायालयानं २६ एप्रिल २०२४ ला सांगितलं, चिन्हं भरायची युनिटं सील करून निकालानंतर ४५ दिवस ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या नंबरच्या उमेदवाराला ५ टक्के मशीन तपासून घेता येतात, खर्च त्याचा, फेरफार निघाला तर पैसे परत. सगळ्या चिठ्ठ्या मोजायची मागणी मात्र फेटाळली. विधानसभेच्या एका मतदारसंघात ५ केंद्रांच्याच मोजतात. माझ्या मते कमी आहेत. चिठ्ठ्या पेटीत पडूनच आहेत, मोजणी एक दिवस लांबली म्हणून काय सोलापूर बुडतंय?

होटगी रोडवाला:
आणि महापालिकेला? तिथं व्हीव्हीपॅटच नाही.

झेडपी मास्तर:
तिथं ताळा करायला चिठ्ठीच नाही, त्यामुळं एजंट जागा पाहिजे. भाऊ रिकामा असेल तर त्यालाच बसवा. पहाटे उठतो का तेवढं विचारा.