भरडणे, कुटणे की दळणे? धातुकाच्या (धातूयुक्त दगडाच्या) संदर्भात नेमका शब्द

प्रश्न (लातूर): खनिकर्मावरील मजकूर मराठीत आणताना क्रशिंग आणि ग्राइंडिंग या दोहोंसाठी 'दळणे' हे एकच क्रियापद वापरलेले दिसते. ते योग्य आहे काय?

उत्तर (जालना): मला ते योग्य वाटत नाही. खाणीतून आलेले दगड क्रशरच्या जबड्यात दाबून फोडतात आणि टप्प्याटप्प्याने साधारण एक-दोन सेंटिमीटरपर्यंत आणतात. हे भरडणेच होय. पुढे तो भरडा पाण्यासह बॉल मिलमध्ये जातो, तेथे आडव्या फिरत्या पिंपातील पोलादी गोळे वर चढून खाली कोसळतात, त्याला कुटतात आणि एकमेकांवर घासून रगडतातही. पिंप फार वेगाने फिरले तर गोळे भिंतीलाच चिकटून राहतात, म्हणून मिल त्या क्रांतिक वेगाच्या साधारण ६५ ते ८० टक्क्यांवर चालवतात. क्रिया जात्याची नसली, तरी पीठ करणे हाच हेतू असल्याने येथे 'दळणे' चालेल. परिभाषेत 'पेषण' म्हणावे.

प्रश्न: मग किती बारीक दळले म्हणजे पुरे?

उत्तर: तुरीची डाळ करताना टरफल सुटले की काम झाले, त्याहून अधिक रगडले तर डाळीची चुनी होते. धातुकातही मौल्यवान खनिजाचे कण निरुपयोगी दगडापासून मोकळे होईपर्यंतच दळायचे असते. या अवस्थेला 'विमोचन' असा जड शब्द योजण्यापेक्षा 'कण सुटणे' मला अधिक पसंत आहे. फाजील दळणाने वीज वाया जाते, आणि हा खर्च लहान नाही, कारण निरुपयोगी दगड वेगळा करून धातुक संपन्न करणाऱ्या कारखान्यात सर्वाधिक वीज बहुधा दळणातच लागते. अभियंता फ्रेड बाँड यांनी १९५२ साली दळणाला लागणाऱ्या ऊर्जेबाबत मांडलेल्या नियमातील कार्यनिर्देशांक हे धातुक दळायला किती जड आहे, ते प्रतिटन किलोवॅट-तासांत सांगतो.

पुरवणी (नांदेड): आपला बहुतेक मुलूख बेसॉल्टचा, त्यात धातूच्या खाणी नाहीत, त्यामुळे हे शब्द आपण दाळमिल आणि गिरणीतूनच घेणार, हे रास्तच आहे. मात्र अतिसूक्ष्म दळलेल्या धातुकाला 'चुनी' म्हणू नये. चुनी जनावरांच्या उपयोगी पडते, तर फेनतरणात, म्हणजे पाण्यात हवेचे बुडबुडे सोडून खनिजाचे कण फेसासह वर आणण्याच्या क्रियेत, हा गाळ बुडबुड्यांना नीट चिकटत नाही आणि त्यातील बराच धातू टाकाऊ मालाबरोबर निघून जातो. तेथे 'सूक्ष्म गाळ' हाच शब्द ठेवावा.