चार रेपो, एक कॉमन लायब्ररी आणि ब्रँचचा नुसता गोंधळ

घणसोली_ते_डोंबिवली:
मंडळी मदत करा. आमच्याकडे गिटवर (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) ४ रेपो, म्हणजे कोडचे वेगळे साठे, आहेत, वेब पोर्टल, मोबाईलची एपीआय, रात्रीचे बॅच जॉब आणि रिपोर्ट्स, आणि चौघांतही एकच कॉमन लायब्ररी गिट सबमॉड्यूल म्हणून, म्हणजे रेपोच्या आत दुसरा रेपो अशी, घातलीय. फीचर आलं की पाचही ठिकाणी एकाच नावाची ब्रँच (कामाची वेगळी फांदी) काढायची असा नियम, पण कोणी एकीकडे मर्ज करतं (ब्रँच मुख्य कोडमध्ये मिसळतं), दुसरीकडे विसरतं, आणि प्रत्येक मर्जला लायब्ररीचं कमिट (नोंदवलेला बदल) सांगणारी 'सबप्रोजेक्ट कमिट'ची ती एकच ओळ कॉन्फ्लिक्टमध्ये. परवा ट्रान्स हार्बरने ठाण्याला उतरलो तेवढ्यात फोन, बॅचचा बिल्ड पडला, 'रेफरन्स इज नॉट अ ट्री', म्हणजे हवं ते कमिट सापडतच नाही. प्लॅटफॉर्मवरच लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो, दोन फास्ट सोडल्या. तुम्ही लोक हे कसं सांभाळता?

हॅश_वाचणारा:
कोणीतरी लायब्ररीत कमिट केलं, ते पुश केलंच नाही (सर्व्हरला पाठवलंच नाही), आणि बॅचच्या रेपोत नवा पॉइंटर मात्र पुश केला. ते कमिट फक्त त्याच्या मशीनवर आहे, सर्व्हरला कुठून मिळणार. सबमॉड्यूल ब्रँच लक्षात ठेवत नाही रे, फक्त एका कमिटचा हॅश, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, ठेवतं. गिटमॉड्यूल्स फाईलमध्ये ब्रँच लिहिली तरी ती अपडेटला रिमोट ऑप्शन दिला तरच बघितली जाते. सगळ्यांच्या कॉन्फिगमध्ये पुशचं रिकर्स-सबमॉड्यूल्स 'चेक' करून टाका, मग लायब्ररी पुश न करता बाहेरचा रेपो पुशच होत नाही.

मोनो_भक्त:
पाचही एका रेपोत टाक, कटकट मिटली 😄

सीप्झचा_जुना:
भक्ता, त्यांच्या टीम वेगळ्या, रिलीज वेगळे, ते एवढं सोपं नाही.
घणसोली, माझ्या मते पाच ब्रँच एका तालात नाचवायचा हट्टच सोडा. लायब्ररीला रीतसर व्हर्जन द्या, पॅकेज करून कंपनीच्या आतल्या रजिस्ट्रीत (पॅकेजचा साठा) टाका आणि प्रत्येक रेपोने आपल्याला हवं ते व्हर्जन घ्यावं. बदल करताना आधी लायब्ररीत नवी मेथड घाला, जुनी तशीच राहू दे, मेन म्हणजे मुख्य ब्रँचला मर्ज, २.४.० काढा. मग पोर्टल आज घेईल, रिपोर्ट्सवाले पुढच्या महिन्यात घेतील, कोणाचं काही अडत नाही. चौघं नव्यावर आले की जुनी मेथड उडवायची, आणि तेव्हा ३.०.० कारण जुना कोड मोडतो. आम्ही एकदा मेथडचं नाव थेट बदललं होतं आणि रविवारी सगळी टीम ऑफिसात, तेही मेगाब्लॉकमध्ये.
आणि मेव्हन (जावाचं बिल्ड टूल) असेल तर रिलीजमध्ये स्नॅपशॉट व्हर्जन चुकूनही नको, नाव तेच राहतं आणि आतला माल बदलतो.

घणसोली_ते_डोंबिवली:
पुश न केलेलं कमिट सापडलं, करणारा आमच्याच रांगेतला निघाला 😅 पण प्रॉडक्शनला २.३.० आणि मेनवर २.४ चं अर्धवट काम असेल तर हॉटफिक्स (तातडीची दुरुस्ती) कुठे करायचा?

सीप्झचा_जुना:
मेनवर नाहीच. २.३.० च्या टॅगवरून (रिलीजला लावलेली खूण) ब्रँच काढ, फिक्स कर, २.३.१ रिलीज कर. आणि तेच कमिट त्याच दिवशी मेनवर चेरी-पिक कर (तेवढंच कमिट उचलून आण), नाहीतर २.४ बरोबर तोच बग परत येतो आणि टेस्टिंगवाले तुला विचारतात हे तर बंद केलं होतंस ना.