दिवाळीत कॅलिफोर्नियात कॅम्पिंग: शेकोटी आणि फुलबाज्या चालतात का?

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या वीकेंडला आम्ही काही कुटुंबं सिएरा नेवाडाच्या डोंगरांत, नॅशनल फॉरेस्टच्या (केंद्र सरकारच्या जंगलाच्या) हद्दीत तंबू ठोकणार आहोत. त्यावरून ग्रुपवर वाद पेटलाय (एवढंच काय ते विनापरवाना पेटवता येतं).

एकाकडे चार जुलैचे (अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचे) फटाके उरलेत. पाकिटावर स्टेट फायर मार्शलचा (राज्याच्या अग्निसुरक्षा अधिकाऱ्याचा) 'सेफ अँड सेन' शिक्का आहे, म्हणून राज्यात कुठेही चालतील असं तो म्हणतो. मला पटत नाही. शिक्क्याचा अर्थ इतकाच की वस्तू हवेत उडत नाही आणि धडाम करून फुटत नाही. ती आपल्या गावात उडवायची की नाही हे गाव ठरवतं, आणि बऱ्याच गावांत साफ बंदी आहे. विक्रीसुद्धा फक्त २८ जून ते ६ जुलै. पण मुलांना निदान फुलबाज्या तरी? रानात नाही, तर कॅम्पग्राउंडच्या पार्किंगमध्ये?

दुसरं, शेकोटी. कॅम्पफायर परमिट मी ऑनलाइन काढलंय. फुकट आहे, व्हिडिओ बघून चार प्रश्नांची उत्तरं दिली की मिळतं. पण फॉरेस्टच्या साइटवर फायर रिस्ट्रिक्शन्स (आग पेटवण्यावरचे निर्बंध) अजून चालूच दिसतात. मग परमिट कशाला दिलं? आणि नोव्हेंबरात वणव्यांचा हंगाम संपत नाही का?

प्रतिसाद १
लायसन्स खिशात असलं म्हणून बंद रस्त्यावर गाडी घालता येत नाही, तसंच परमिटचं. बंदीचा आदेश त्याच्या वर. साधारणपणे बंदीच्या पहिल्या टप्प्यात आखलेल्या कॅम्पग्राउंडमधल्या लोखंडी कड्यात शेकोटी चालते, मोकळ्या रानात नाही. पुढच्या टप्प्यात कड्यातही नाही. नॉब फिरवून बंद करता येणारा गॅसचा स्टोव्ह बहुतेक वेळा चालतो, पण रानात त्यालाही परमिट लागतं, त्यामुळे तुमचं वाया गेलेलं नाही. प्रत्येक फॉरेस्टचा आदेश निराळा असतो. तुमच्या फॉरेस्टचा मूळ आदेश वाचा आणि निघायच्या आदल्या दिवशी रेंजर स्टेशनला फोन करा. शेजारच्या काउंटीतल्या मित्राचं ऐकू नका.

प्रतिसाद २
नोव्हेंबरचं म्हणाल तर २०१८ आठवा. ७ तारखेला लक्ष्मीपूजन झालं आणि पाडव्याच्या सकाळी उत्तर कॅलिफोर्नियात 'कॅम्प फायर' नावाचा वणवा भडकला. पॅराडाइज गाव जवळजवळ सगळं गेलं, ८५ माणसं दगावली. ठिणगी विजेच्या तारेची होती, फटाक्याची नव्हे, पण पहिला मोठा पाऊस लांबला की गवत कसं कोरडंठाक असतं ते तेव्हा कळलं. थंडी पडली म्हणजे ओल आली असं नाही. बंदी तारखेने उठत नाही, आदेशाने उठते. आणि 'रेड फ्लॅग वॉर्निंग' असेल, म्हणजे जोराचा वारा आणि कोरडी हवा, तर परवानगी असली तरी मी काडी ओढणार नाही.

प्रतिसाद ३
फुलबाज्या: नाही. नॅशनल फॉरेस्टात कुठलेही फटाके बारा महिने बंद, शिक्का असो वा नसो, आणि पार्किंगही फॉरेस्टातच येतं. 'निदान फुलबाजी' म्हणताय, पण तिचं टोक हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापतं. २०१७ साली ऑरेगनमध्ये एका पंधरा वर्षांच्या मुलाने दरीत फटाका टाकला. ईगल क्रीकच्या त्या वणव्यात ४८ हजारांहून जास्त एकर जळले आणि कोर्टाने त्याच्यावर ३ कोटी ६६ लाख डॉलरची भरपाई लावली. कॅलिफोर्नियातही विझवण्याचा खर्च वणवा लावणाऱ्याकडून वसूल करता येतो. बॅटरीच्या दिव्यांच्या माळा घेऊन जा.

धागाकर्ता
आभार! हे तिन्ही प्रतिसाद ग्रुपवर जसेच्या तसे डकवतोय. शेकोटीचं गुरुवारी फोन करून ठरवू. आता उरलेल्या फटाक्यांचं काय करायचं? भिजवून कचऱ्यात टाकले तर चालेल?

प्रतिसाद १
कचऱ्यात नको. जवळच्या फायर स्टेशनला फोन करून विचारा, ते घेतात किंवा कुठे द्यायचे ते सांगतात. तोवर गाडीत ठेवू नका.