गाडीच्या बॅटरीचं आरोग्य दर महिन्याला मोजावं का?

नोंदवही

इलेक्ट्रिक गाडी घेऊन साडेतीन वर्षं झाली, ५८,००० किमी झाले. पहिल्या महिन्यापासून एक नेम चुकवलेला नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी स्टिअरिंगखालच्या पोर्टला ओबीडी डोंगल (गाडीतली माहिती फोनवर पाठवणारं छोटं उपकरण) लावायचा, फोनवर एसओएच किती दिसतंय ते बघायचं आणि वहीत उतरवायचं. (डोंगल काम झालं की काढून ठेवतो. कायम लावून ठेवला तर छोटी १२ व्होल्टची बॅटरी उतरू शकते आणि एवढी मोठी बॅटरी पोटात असूनही गाडी सुरू होत नाही.) एसओएच म्हणजे नवी असताना जेवढी वीज मावायची त्याच्या किती टक्के आज मावते.

माझी वही थोडक्यात: पहिल्या वर्षाअखेर ९५.६, दुसऱ्या ९३.९, तिसऱ्या ९२.८, आज ९२.३. आधी भसकन आणि मग सावकाश. यात नवल नाही. सेलमधल्या ग्राफाइटवर सुरुवातीलाच एक पातळ थर बसतो आणि त्यात थोडं लिथियम कायमचं अडकून पडतं. थर जसा जाड होतो तशी त्याची वाढ मंदावते.

इंजिन म्हातारं झालं की खोकतं, धूर सोडतं. बॅटरी मुकाट्याने म्हातारी होते. वॉरंटी बहुतेक कंपन्यांची ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी, आणि क्षमता ७० टक्क्यांखाली गेली तर दुरुस्ती किंवा बदल. पण ७० झाले की ७१ हे ठरवणार कोण? ज्यांना खर्च येणार तेच. जामदारखान्याच्या किल्ल्या कोणाकडे आहेत ते बघा आणि मग सांगा, आपली वही आपल्याकडे असायला हवी की नको. माझं मत: प्रत्येक मालकाने मोजावं. विरोधी मतं येऊ द्या.

निवांत

अहो, गाडी आहे की अतिदक्षता विभागातला पेशंट?

पाच वर्षं, ९०,००० किमी. एकदाही डोंगल लावलेला नाही. सकाळी निघतो, संध्याकाळी पोचतो, रात्री प्लग लावतो. बी पेरलं की रोज उकरून बघायचं नसतं. तुम्ही मोजलं म्हणून त्या थराची वाढ थांबते का? बॅटरी उभ्या उभ्याही म्हातारी होते, चालवली तरी होते. मग वही कशाला?

नोंदवही

मोजल्याने थांबत नाही, पण मोजल्याने सवयी बदलतात. दुसऱ्या उन्हाळ्यात माझा आकडा जरा जास्त घसरला तेव्हा लक्षात आलं, मी गाडी १०० टक्के भरून दिवसभर उन्हात उभी करत होतो. पूर्ण चार्ज आणि उष्णता ही जोडगोळी वाईट. आता रोजच्या वापराला ८० वर थांबवतो, लांब जायचं असेल तरच निघण्याआधी १०० करतो.

मिलिव्होल्ट

धागाकर्त्यांच्या शिस्तीला दाद. पण मूळ गृहीतकालाच माझा विरोध आहे. तुम्ही एसओएच *मोजत* नाही आहात. गाडीने मनाशी बांधलेला अंदाज *वाचत* आहात.

बीएमएसकडे (बॅटरीवर लक्ष ठेवणारी गाडीतली यंत्रणा) बॅटरीत डोकावायला खिडकी नसते. आत किती करंट गेला, बाहेर किती आला याची बेरीज-वजाबाकी ती करत राहते. या हिशेबात चूक थोडी थोडी साचत जाते. गाडी शांत उभी असताना सेलचा व्होल्टेज बघून ती चूक सुधारली जाते. आता तुम्ही म्हणताय रोज ८० वर थांबवता. खाली किती जाऊ देता? ४० पर्यंत? म्हणजे वर्षानुवर्षं मधल्याच पट्ट्यात फिरताय. टाकी कधी पूर्ण भरलीही नाही आणि रिकामीही झाली नाही, तर ती केवढी आहे हे गाडीला कळणार कसं?

एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारचे सेल असतील तर आणखी गंमत. त्यांचा व्होल्टेज मधल्या बहुतेक टप्प्यात जवळजवळ सपाट असतो. ३० टक्के आहे की ७०, हे व्होल्टेजवरून ओळखणं कठीण. म्हणूनच टेस्लासारख्या कंपन्या एलएफपी गाड्या आठवड्यातून एकदा १०० टक्के भरायला सांगतात. ते सेलच्या तब्येतीसाठी नाही, हिशेबाच्या तब्येतीसाठी. सेलला खरं तर सतत वरच्या टोकाला राहणं एलएफपीमध्येही मानवत नाही.

तेव्हा प्रश्न असा: तुमच्या ९२.३ मधला तो .३ कुठून आला?

नोंदवही

खोटं कशाला बोलू, वहीत एक नोंद आहे जी वरच्या थोडक्यात मी गाळली. तिसऱ्या वर्षी लांबच्या प्रवासात गाडी ७ टक्क्यांपर्यंत उतरवली, मग १०० पर्यंत भरली. दुसऱ्या दिवशी आकडा ९२.९ वरून एकदम ९४.६. बॅटरी वयाने लहान झाली म्हणून घरी सगळ्यांना दाखवूनही झालं. तीन महिन्यांत स्वारी मूळपदावर.

निवांत

म्हणजे साडेतीन वर्षं तुम्ही गाडीचा मूड लिहून ठेवलात. :)

दुसऱ्या हाताची

हसण्यावारी नेऊ नका. मी याच आकड्यावर विसंबून फसलो आहे.

चार वर्षांची वापरलेली गाडी घेतली. विकणाऱ्याने अ‍ॅपचा स्क्रीनशॉट दाखवला: ९६ टक्के. मी खूश. दोन महिन्यांत तोच आकडा ८४. बॅटरी दोन महिन्यांत बारा टक्के मरत नाही. नंतर एका जाणकाराने सांगितलं की काही गाड्यांमध्ये बीएमएसने शिकलेली माहिती पुसता येते. पुसली की ती नव्या कोऱ्या बॅटरीचेच आकडे धरून चालते आणि मग चार्ज-डिस्चार्ज होता होता हळूहळू खरं काय ते शिकते. माझ्या बाबतीत तसंच झालं हे सिद्ध करता येत नाही, पण संशय पक्का आहे.

म्हणून मी धागाकर्त्यांच्या बाजूने. एका दिवसाचा आकडा थाप मारू शकतो, साडेतीन वर्षांची वही सहज नाही मारू शकत. पुढची गाडी घेताना मी आधी वही मागणार.

मिलिव्होल्ट

वही घरी बसून एका दुपारीत लिहिता येते. वेगवेगळी पेनं वापरली की झालं.

जुनं पान

मोजून काय होतं म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. निसान लीफ डिसेंबर २०१० मध्ये आली. २४ युनिटची बॅटरी, ती थंड ठेवण्यासाठी पाणी नाही की पंखा नाही. डॅशबोर्डवर क्षमतेच्या १२ पट्ट्या. गंमत म्हणजे पहिली पट्टी विझायला जवळपास १५ टक्के क्षमता जावी लागे, पुढच्या मात्र सव्वासहा टक्क्यांना एक. त्यामुळे बराच काळ सगळं आलबेल वाटायचं. २०१२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ॲरिझोनासारख्या तापलेल्या भागात मालकांच्या पट्ट्या विझायला लागल्या. त्यांनी नोंदी एकत्र केल्या, गाड्या एकाच रस्त्यावर चालवून रेंज पडताळली, आणि ओरड केली. त्यानंतर कंपनीने पहिल्यांदा क्षमतेची वॉरंटी दिली: ५ वर्षं किंवा ६०,००० मैल, ९ पट्ट्यांच्या खाली गेली तर दुरुस्ती.

आज आपण क्षमतेची वॉरंटी गृहीत धरतो. ती अशाच वहीवाल्यांनी मिळवून दिली आहे.

निवांत

मान्य, पण ती गाडी थंड ठेवण्याची सोय नसलेली. आता बहुतेक बॅटऱ्यांभोवती द्रव फिरतो. जिओटॅब या कंपनीने हजारो गाड्यांच्या नोंदी तपासून २०२४ मध्ये सरासरी घट वर्षाला १.८ टक्के काढली होती. त्या हिशेबाने दहा वर्षांनी ८२. दहा वर्षांनी माझे गुडघेसुद्धा ८२ टक्के नसतील.

शिवाय स्टॅनफर्डच्या संशोधकांचं काम वाचा, डिसेंबर २०२४ चं. प्रयोगशाळेत सेल एकसारख्या करंटने रिकामे करतात. त्यांनी खऱ्या रस्त्यासारखे, थांबत-पळत, ब्रेक मारत रिकामे केले, तर आयुष्य ३८ टक्क्यांपर्यंत जास्त निघालं. म्हणजे बॅटरीला माझ्यासारखी धसमुसळी माणसं आवडतात.

दुसऱ्या हाताची

सरासरी माझ्या दारात उभी नसते हो. माझ्या दारात ८४ उभी आहे.

वेगवान

डीसी फास्ट चार्जिंगचं कोणीच बोललं नाही. माझं ८० टक्के चार्जिंग हायवेवरच होतं. लोक घाबरवतात. रिकरंट नावाच्या अमेरिकी कंपनीने २०२३ मध्ये बारा हजारांहून जास्त टेस्ला गाड्या तपासल्या. जवळपास नेहमी फास्ट चार्ज करणाऱ्या आणि जवळपास कधीच न करणाऱ्या गाड्यांच्या रेंजमध्ये ठळक फरक सापडला नाही. विषय संपला.

मिलिव्होल्ट

संपला नाही. त्या गाड्या चार्जरकडे जाताना बॅटरी आधीच योग्य तापमानाला आणतात. गार पडलेल्या बॅटरीत जोराने वीज कोंबली तर लिथियमला ग्राफाइटच्या आत शिरायला वेळ मिळत नाही, ते पृष्ठभागावरच धातू होऊन बसतं. त्यातलं बरंचसं परत येत नाही. तुमच्या गाडीत बॅटरी गरम करायची सोय आहे का, ते आधी बघा.

हुकलेला टक्का

इतका वेळ नुसता वाचत होतो, पण वॉरंटीचा विषय निघाला म्हणून लिहितो. माझ्याकडे सात वर्षांची वही होती. अ‍ॅप म्हणत होतं ६८. वही, स्क्रीनशॉट, सगळं घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलो. त्यांनी वहीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गाडी दोन दिवस ठेवून घेतली, त्यांच्या पद्धतीने तपासली, आणि कागद हातात दिला: ७२.

भांडलो. मग कळलं की भांडण आकड्याचं नव्हतंच. *टक्के कशाचे* याचं होतं. बॅटरीत एकूण जितकी वीज मावते तितकी आपल्याला वापरायला देत नाहीत, वर-खाली थोडी राखीव असते. अ‍ॅप एकूण क्षमतेवर टक्के काढत होतं, सर्व्हिस सेंटर वापरायच्या क्षमतेवर. समजा एकूण ४५ युनिट आणि वापरायला ४१. आतून तीन युनिट झिजले आणि सॉफ्टवेअरने तेवढीच राखीव उघडली, तर तुम्हाला रस्त्यावर काहीही जाणवणार नाही आणि त्यांच्या कागदावर अजून १००.

तेव्हा नोंदवही, तुमच्या वहीला माझा नमस्कार, पण वॉरंटीसाठी तिचा उपयोग नाही. पहिल्या दिवशी वॉरंटीच्या पुस्तिकेत क्षमता कशी मोजणार ते लिहिलंय का, हे वाचायला हवं होतं. मी सातव्या वर्षी वाचलं.

जुनं पान

यावर नियम होताहेत. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली २०२२ मध्ये जागतिक तांत्रिक नियम २२ ठरला: ५ वर्षं किंवा १,००,००० किमीला किमान ८० टक्के, ८ वर्षं किंवा १,६०,००० किमीला ७०. महत्त्वाचं म्हणजे गाडी जे आरोग्य दाखवते ते खऱ्यापेक्षा ५ टक्के गुणांहून जास्त फुगवलेलं नसावं, असंही त्यात आहे. युरोपात तर फेब्रुवारी २०२७ पासून प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट (बॅटरीची माहिती असलेली डिजिटल नोंद) लागणार.

निवांत

म्हणजे सरकारी आकड्यालाही पाच गुणांची सूट आणि आमचे नोंदवहीसाहेब दशांश चिन्हानंतरचा आकडा लिहिताहेत.

मिलिव्होल्ट

निवांत, तुम्ही जिंकलात असं वाटत असेल तर थांबा. न मोजण्याच्या बाजूने मी नाही.

टक्क्यांकडे बघू नका, सेलकडे बघा. बॅटरी ही माळ आहे. शंभरेक सेल एकापाठोपाठ एक. त्यातला सगळ्यात अशक्त सेल रिकामा झाला की बाकीच्यांत वीज असूनही गाडी थांबते. अ‍ॅपमध्ये सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी व्होल्टेजच्या सेलमधला फरक दिसतो. माझ्या गाडीचा एसओएच दीड वर्ष ९१ वर ठाम होता. पण चार्ज १५ टक्क्यांवर असताना हा फरक २० मिलिव्होल्टवरून ६०, मग १४० झाला, आणि दर वेळी तोच सेल खाली. आकडा ९१ म्हणत होता आणि एक सेल निरोप घेत होता. वॉरंटीत तो सेल असलेला मॉड्यूल (काही सेलचा गठ्ठा) बदलून मिळाला. तिथे टक्क्यांचा वाद झालाच नाही, कारण बिघाड आणि झीज या वेगळ्या गोष्टी आहेत.

हुकलेला टक्का

हे सात वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर.

नोंदवही

मी थोडा हललोय, पण पडलो नाही.

दर महिन्याचा नेम सोडतो. वर्षातून दोनदा, दोन्ही वेळी हवामान साधारण सारखं असताना: १०० पासून १० पर्यंत एकाच दिवसात चालवायचं, त्यात किती युनिट लागले ते लिहायचं आणि ते ०.९ ने भागायचं. तापमान, किलोमीटर आणि खालच्या टोकाला सेलमधला फरक, तोही गाडी उभी असताना. भिंतीवरच्या मीटरचे युनिट धरणार नाही, चार्ज होताना दहाएक टक्के वाटेतच उष्णता होऊन जातात. दशांश बंद. पण वही राहील. हुकलेला टक्का यांना ती कामाची ठरली नाही, कारण त्यांच्याकडे टक्के होते. युनिट असते तर "कशाचे" हा प्रश्नच आला नसता.

हुकलेला टक्का

तो दुसऱ्या कुठल्यातरी वेशात आला असता. पण हो, युनिट लिहा.

निवांत

शेजाऱ्यांकडून डोंगल मागून आणला. निव्वळ कुतूहल, गैरसमज नसावा.

एसओएच ८९. ठीक. पण तो सेलमधला फरक ६२ दाखवतोय. हे किती वाईट?

मिलिव्होल्ट

चार्ज किती होता? गाडी उभी होती की चालू?

निवांत

१४ टक्के. उभी.

मिलिव्होल्ट

मग लगेच घाबरू नका. इतक्या खाली सेलचा व्होल्टेज झपाट्याने घसरतो, थोडा फरकही मोठा दिसतो. एकदा १०० भरा, भरल्यावरही रात्रभर प्लग लावून ठेवा, म्हणजे बीएमएसला सेल एका पातळीवर आणायला वेळ मिळेल. मग पुन्हा १४ ला बघा, आणि दोन्ही वेळी सर्वांत खालचा सेल क्रमांक लिहून ठेवा. तोच आला तर बोलू.

आणि गाडीत सेल एलएफपी आहेत की एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टवाले)?

निवांत

ते कुठे लिहिलेलं असतं?