प्रजासमाजवादी पक्ष नेमका कशाने संपला?

वेताळटेकडी
समाजवादी आपापसातल्या अहंकाराने फुटले, एवढं म्हणून हा विषय मिटवला जातो. मला ते मान्य नाही. पक्षात भांडणं होती, पण प्रत्येक मोठ्या भांडणाच्या तळाशी एकच प्रश्न होता: काँग्रेसशी किती अंतर ठेवायचं?

मूळच तसं आहे. नाशिकरोडच्या तुरुंगात १९३२-३३ मध्ये जयप्रकाश, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता, मिनू मसानी यांनी जो पक्ष मनात आखला, तो काँग्रेसच्या पोटातला पक्ष होता. मे १९३४ मध्ये पाटण्याला आचार्य नरेंद्र देवांच्या अध्यक्षतेखाली बैठक झाली, ऑक्टोबरात मुंबईला रीतसर स्थापना झाली, आणि नाव ठेवलं काँग्रेस समाजवादी पक्ष. मार्च १९४८ मध्ये नाशिकलाच काँग्रेस सोडायचं ठरलं. सप्टेंबर १९५२ मध्ये कृपलानींच्या किसान मजदूर प्रजा पक्षाशी विलीनीकरण होऊन 'प्रजा' हा शब्द नावात आला.

पुढच्याच वर्षी बैतूलच्या अधिवेशनात अशोक मेहतांनी मांडलं की मागास अर्थव्यवस्थेत विरोधकाला नुसता विरोध परवडत नाही, जिथे पटतं तिथे सरकारबरोबर काम करावं लागतं. राममनोहर लोहियांचं म्हणणं याच्या अगदी उलट: काँग्रेस आणि कम्युनिस्ट, दोघांपासून सारखंच अंतर. या दोन भूमिकांमध्ये पक्षाने ठाम निवड कधीच केली नाही. १९५५ ची फूट, १९६४ मध्ये मेहतांचं जाणं, १९६५ ची फूट, सगळं तिथूनच येतं.

गिरणगाव
मांडणी नेटकी आहे, पण मतांचं गणित तुम्ही सोडून दिलंत. पहिल्या निवडणुकीत समाजवादी पक्षाला १०.५९ टक्के मतं मिळाली आणि लोकसभेच्या ४८९ पैकी जागा फक्त १२. कम्युनिस्टांना ३.२९ टक्के मतं आणि जागा १६. असं का झालं? समाजवाद्यांनी २५४ ठिकाणी उमेदवार दिले, कम्युनिस्टांनी ४९ ठिकाणी. एका मतदारसंघात एकच जण निवडून येतो तिथे अडीचशे ठिकाणी थोडीथोडी मतं घेऊन काही हाती लागत नाही. पन्नास ठिकाणी जोर लावला तर लागतं.

विलीनीकरणाचा हिशेबही फसला. कृपलानींच्या प्रजा पक्षाची ५.७९ टक्के मतं मिळवली तर १९५२ ची बेरीज सोळाच्या वर जाते. १९५७ मध्ये एकत्र पक्षाला मिळाली १०.४१. कारण उघड आहे. प्रजा पक्षाचा मतदार काँग्रेसमधल्या स्थानिक नाराजीचा होता, उमेदवार पाहून मत देणारा. कृपलानींना वर्गसंघर्ष मान्य नव्हता, नरेंद्र देवांना तो सोडवत नव्हता. असे दोन पक्ष जोडले की कार्यकर्ता गावात जाऊन नक्की काय सांगणार? अंतराचा प्रश्न नेत्यांचा होता. मतदारासमोर पक्ष उभाच राहिला नाही, हे खरं कारण.

कावेरीकाठ
वेताळटेकडी, तुम्ही १९५५ च्या फुटीचं नाव घेतलंत आणि त्रावणकोर-कोचीन (केरळ होण्याआधीचं राज्य) एका शब्दानेही आलं नाही. खरी कसोटी तिथे लागली.

१९५४ च्या निवडणुकीत ११७ जणांच्या सभागृहात पक्षाचे १९ आमदार. निवडणूक डाव्यांशी समझोता करून लढवली आणि सरकार बनवलं काँग्रेसने बाहेरून दिलेल्या पाठिंब्यावर. मुख्यमंत्री पट्टम थाणू पिल्लै. ११ ऑगस्टला दक्षिणेतल्या तमिळभाषक भागात, मद्रास राज्यात जाऊ मागणाऱ्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. लोहिया तेव्हा पक्षाचे सरचिटणीस, आणि नैनीच्या तुरुंगात. तिथून त्यांनी तार केली: सरकारने राजीनामा द्यावा.

लोहिया बरोबर होते असं माझं स्पष्ट मत आहे. स्वतंत्र देशातल्या सरकारने नि:शस्त्र जमावावर गोळी चालवली तर सत्ता सोडायची, हे आपण काँग्रेसला सांगत होतो. आपल्या माणसावर वेळ आली तेव्हा नियम बदलायचा कसा? नागपूरच्या खास अधिवेशनाने राजीनाम्याची मागणी फेटाळली. मिळालं काय? फेब्रुवारी १९५५ मध्ये काँग्रेसने पाठिंबा काढला आणि सरकार पडलंच. तत्त्वही गेलं, सत्ताही गेली.

पेठेतला
कावेरीकाठ, तत्त्व मान्य, पद्धत नाही. सरचिटणीसाने आपल्याच मुख्यमंत्र्याकडे राजीनामा मागायचा आणि कार्यकारिणीने नकार दिल्यावरही ते लावून धरायचं, अशाने पक्ष चालत नाही. लोकशाही समाजवाद म्हणजे आधी पक्षातली लोकशाही. अधिवेशनाचा कौल पटला नाही तरी पाळायचा असतो. त्यानंतर लोहियांच्या बाजूच्या मधू लिमयांवर कारवाई झाली, मग लोहियांवर, आणि १९५५ सरता सरता हैदराबादला वेगळा समाजवादी पक्ष निघाला. कारवाई कठोर होती हे मान्य करूनही सांगतो, शिस्त दोन्ही बाजूंनी मोडली.

आणि समान अंतराचं म्हणाल तर ते लोहियांनी स्वतःच १९६३ नंतर सोडलं. बिगरकाँग्रेसवाद म्हणजे काँग्रेस पाडायला जनसंघही चालेल, कम्युनिस्टही चालतील. १९६७ च्या बिहारमधल्या संयुक्त सरकारात संसोपाबरोबर, म्हणजे लोहियांच्या संयुक्त समाजवादी पक्षाबरोबर, दोघेही होते. अशोक मेहतांना काँग्रेसच्या जवळ गेल्याचा दोष द्यायचा, तर हा हिशेबही मांडा.

वेताळटेकडी
पेठेतला, हा मुद्दा घेतो. म्हणजे दोन्ही टोकांनी समान अंतर सोडलं. मेहता डिसेंबर १९६३ मध्ये नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले, लोहिया उलट दिशेने गेले. पण यातून माझंच म्हणणं पक्कं होतं: मध्ये उरलेल्या पक्षाला स्वतःची जागा सांगता येईना. पट्टम थाणू पिल्लै यांचंच पाहा. १९६० मध्ये काँग्रेसबरोबरच्या आघाडीत ते केरळचे मुख्यमंत्री झाले, १९६२ मध्ये त्यांना पंजाबचं राज्यपालपद मिळालं आणि मुख्यमंत्रिपद काँग्रेसकडे गेलं. काँग्रेसच्या आधाराने राज्य करणं म्हणजे काय, ते पक्षाने दोनदा भोगलं.

गिरणगाव, तुमचे आकडे बिनतोड आहेत. पण २५४ जागा लढवल्या त्या आपण काँग्रेसची जागा घेणार या समजुतीने. तेही अंतराचंच गणित.

माणदेशी
इतका वेळ सगळे ठराव आणि तारा चालल्या आहेत. जात कुणीच काढली नाही. महाराष्ट्रात एसेम जोशी, नानासाहेब गोरे, अच्युतराव, लिमये ही निर्मळ माणसं होती, त्याबद्दल शंका नाही. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी उपोषण केलं, राष्ट्र सेवा दलाने १९४१ पासून मुलामुलींना एकत्र उभं केलं. पण वरची फळी बहुतेक ब्राह्मण आणि शहरी राहिली. खेड्यातला शेतकरी तरुण डावीकडे वळला तर शेतकरी कामगार पक्षात गेला, नाहीतर यशवंतरावांच्या काँग्रेसमध्ये. १९६२ च्या विधानसभेत २६४ पैकी शेकाप १५ आणि प्रजासमाजवादी ९, काँग्रेस २१५.

लोहियांनी हे दुखणं ओळखलं होतं. स्त्रिया, शूद्र, दलित, आदिवासी, अल्पसंख्याकांतले मागास यांना साठ टक्के जागा, ही मागणी संसोपाची ओळख झाली. पीएसपीने, म्हणजे प्रजासमाजवादी पक्षाने, जातीकडे वर्गाच्या चष्म्यातून पाहिलं आणि समाजवाद आला की जात जाईल असं मानलं. उत्तरेत संसोपाची माणसं पुढे राज्यं चालवू लागली, पीएसपीचं तसं झालं नाही. त्यातला फरक हा आहे.

राजापूर बंदर
माणदेशी, मुद्दा खरा आहे, पण कोकण विसरू नका. राजापूरला बॅरिस्टर नाथ पै १९५७, ६२, ६७ असे तीनदा निवडून आले. जानेवारी १९७१ मध्ये ते गेले आणि त्याच वर्षी मधू दंडवते उभे राहिले. तेव्हा देशभरात पीएसपीचे दोनच खासदार निवडून आले, त्यातले ते एक. नंतर १९८९ पर्यंत एकदाही हरले नाहीत. झोपडी हे निवडणूक चिन्ह गेलं, नांगरधारी शेतकरी आला, मग चक्र. पक्षाचं नाव आणि चिन्ह बदलत गेलं तरी मतदार टिकला. कारण तिथे काम नेमकं होतं: मनीऑर्डरवर जगणाऱ्या घरांचे प्रश्न, आणि मुंबईला जोडणारी रेल्वे. दंडवते रेल्वेमंत्री झाले तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या आल्या. लोकशाही समाजवाद म्हणजे काय, हे लोकांना त्यातून कळतं.

गिरणगाव
राजापूर बंदर, हे मी नाकारत नाही. पण एक मतदारसंघ टिकला, कारण चाकरमानी आणि गाव यांच्यात रोजची ये-जा होती आणि निरोप पोचत होता. मुंबईत तोच चाकरमानी कामगार होता. हिंद मजदूर सभा १९४८ मध्ये निघाली ती पक्षांपासून स्वतंत्र राहायचं ठरवून. संघटना म्हणून ते योग्यच होतं, पण त्यामुळे युनियनची पावती फाडणारा कामगार आपोआप झोपडीवर शिक्का मारेल असं झालं नाही. १९५७ मध्ये एसेम संयुक्त महाराष्ट्र समितीचे सरचिटणीस होते, एका जागी विरोधकांचा एकच उमेदवार हे पथ्य पाळलं गेलं आणि तेव्हा गिरणगावाने भरभरून मतं दिली. समिती विस्कटली आणि १९६२ मध्ये खुद्द एसेम पडले.

पेठेतला
आणि ती समिती विस्कटली कशावरून? कम्युनिस्टांबरोबर किती काळ राहायचं, यावरून. म्हणजे अंतराचा प्रश्न नुसता काँग्रेसपुरता नव्हता. वेताळटेकडी, तुमच्या पहिल्या वाक्यात तेवढी दुरुस्ती करा, मग आपलं बरंच जुळेल.