२७ वर्षांची सेमी भंगारात टाकू नका. (भांडायला या!)

गिरणाकाठ, पाचोरा (धागा काढणारा)

आमच्या पाचोऱ्याच्या घरात १९९८ सालची सेमी ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन आहे. वडिलांनी साडेआठ हजाराला घेतली तेव्हा त्यांचा महिन्याचा पगार सहा हजारांच्या आत होता. त्यामुळे पहिले दोन महिने ती पुढच्या खोलीत, टीव्हीशेजारी. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसली पाहिजे ना. मग मोरीत गेली. आता खालचा पत्रा गंजून बोट जाईल एवढं भोक पडलंय आणि टायमरची कळ तुटल्यामुळे ती पकडीने फिरवावी लागते. पक्कड मशीनवरच ठेवलेली असते, साबणाच्या डबीशेजारी.

एवढ्या वर्षांतला खर्च म्हणाल तर पट्टा तीनदा, टायमर दोनदा, कपॅसिटर दोनदा. ड्रेन पाइप कितीदा बदलला ते मोजलं नाही.

जळगावच्या फ्लॅटवर आम्ही २०१९ मध्ये फ्रंट लोड (समोर दार असलेली, पूर्ण ऑटोमॅटिक) घेतली. दोन वर्षांची वॉरंटी संपली आणि तीन महिन्यांत बोर्ड (मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) गेला. ६,२०० रुपये. २०२३ च्या पावसाळ्यात पुन्हा बोर्ड. दारावर मात्र झळझळीत स्टिकर: मोटरला १० वर्षं वॉरंटी. अरे, मोटर जळते कधी? जे जळतं त्याला दोन वर्षं आणि जे जळत नाही त्याला दहा!

आता गेल्या महिन्यात सेमीचं स्पिन (कपडे पिळणारा ड्रम) बंद पडलंय. पुण्याचा मोठा भाऊ म्हणतो, भंगारात दे, आईला फ्रंट लोड पाठवतो. माझं म्हणणं, मुळीच नको. आपल्याकडची वीज आणि आपल्याकडचं बोअरचं पाणी बघून या मशीन बनवलेल्याच नाहीत. बोला.

सातपुडा_एक्सप्रेस, रावेर

साफ असहमत. १९९८ ला तुमच्या गल्लीत आणखी मशीन असतीलच की. त्या कुठे आहेत आज? भंगारात गेलेल्या मशीनवर कोणी धागा काढत नाही, म्हणून "जुनं ते सोनं" वाटतं.

दुसरं. साडेआठ हजार म्हणजे तेव्हा वडिलांचा दीड महिन्याचा पगार. आजही सेमी नऊ-दहा हजारात मिळते आणि तेवढ्या पैशात कुणी दीड महिना काम करत नाही. आजच्या हिशेबाने दीड पगाराची मशीन घ्या, मग टिकण्याची तुलना करू. स्वस्त मागायचं आणि वडिलांच्या काळचा पत्राही मागायचा, हे कसं चालेल?

आणि पाणी. फ्रंट लोडमध्ये सात किलोच्या एका फेरीला साधारण ५०-६० लिटर लागतं. कपडे पाण्यात बुडवत नाही, भिजवते आणि वरून खाली आपटते, धोब्यासारखी. तुमची सेमी एकदा काठोकाठ भरायलाच ५० लिटर जातात आणि खळबळायचं पाणी वेगळं.

केळीबाग, सावदा

जुनी असो की नवी, केळीचा चीक कुठल्याच मशीनमध्ये निघत नाही. ६० डिग्रीवर लावून पाहिलं. डाग गेला नाही, शर्ट आखूड झाला. केळी कापायला जायचे कपडे वेगळे ठेवा, हाच उपाय. चालू द्या तुमचं.

गिरणाकाठ

@सातपुडा, पैशांचा मुद्दा मान्य. पाण्याचा मान्य नाही.

आमच्या घरी सेमी कशी चालते ते सांगतो. साबणाचं पाणी एकदाच करायचं, ५० लिटर. त्यात पहिला घाणा पांढऱ्यांचा, दुसरा रंगीत, तिसरा शेतातल्या कपड्यांचा. पाणी शेवटी काळं होतं, पण तिसऱ्या घाण्याला तेवढं चालतं. मग प्रत्येक घाणा साध्या पाण्यात काढायचा, म्हणजे आणखी दीडशे लिटर. एकूण दोनशे. त्यातलं शंभरेक लिटर खळबळलेलं पाणी बादल्यांत साठतं आणि संडासला, अंगणाला जातं. फ्रंट लोडला तीन फेऱ्यांचे १६५ लिटर, सगळे थेट गटारीत. आता सांगा पाणी कोण वाचवतंय. ज्याच्या घरी नळ चौथ्या दिवशी येतो, त्याला हा हिशेब तोंडपाठ असतो.

तिखट_नंदुरबार

"प्रत्येक घाणा काढायचा", "बादल्यांत साठतं". दादा, काढतं कोण? साठवतं कोण?

मी १४ वर्षं सेमी वापरली. ओल्या चादरी धुण्याच्या टबातून स्पिनच्या टबात टाकताना कंबर वाकडी आणि छाती ओली. चादर एका बाजूला गोळा झाली की मशीन घरभर नाचते. मग झाकण उघडा, थांबायची वाट बघा, पुन्हा दाबून बसवा, वर ती प्लास्टिकची चकती ठेवा. तीन घाणे म्हणजे सकाळचे अडीच तास मोरीच्या दारात उभं राहणं. मध्ये दूध उतू जातं ते वेगळं.

तुमच्या हिशेबात लिटर आहेत, रुपये आहेत, फक्त हे अडीच तास नाहीत. दोन वर्षांपूर्वी फ्रंट लोड घेतली. कपडे टाकते, दार लावते, शाळेत जाते. उद्या बोर्ड गेला तर सहा हजार देईन आणि वर हसून देईन.

पांझराकाठ, धुळे

जिभाऊ, आते बोला! 😄
इतलं बठ्ठं लिखं, पन मायले इचारं का?

गिरणाकाठ

@तिखट ताई, पटलं. तेवढा भाग मी लिहिताना विसरलो हे खरं. पण मशीन बंद पडून मेकॅनिकची वाट बघत आठ-आठ दिवस हाताने धुवावं लागतं, तेव्हा ते अडीच तास व्याजासकट परत येतात. जळगावला पार्ट यायला बारा दिवस लागले होते. पाचोऱ्याला किती लागतील?

पाना_पक्कड, भुसावळ

नमस्कार. मी १९ वर्षं हाच धंदा करतो, दोन्ही प्रकारच्या मशीन रोज उघडतो. दोन्हीकडचं सांगतो, रागावू नका.

बोर्ड का जातो? आपल्याकडे लाइट जाते तेव्हा काही होत नाही, येते तेव्हा होतं. न्यूट्रलची वायर ढिली असली की २३० च्या जागी ३०० च्या पुढे व्होल्टेज येतं. बोर्डावर दाराशीच एक निळी चकती असते, व्हेरिस्टर म्हणतात. जास्त व्होल्टेज आलं की ती स्वतः फुटते आणि पुढचं वाचवते. दहा-पंधरा रुपयांची वस्तू. पण दमट हवा लागू नये म्हणून कंपनी अख्ख्या बोर्डावर राळ ओतते, पारदर्शक, जेलीसारखी. कंपनीचा माणूस ती खरवडत नाही, बोर्डच बदलतो. मी हेअर ड्रायरने गरम करून लाकडी काडीने खरवडतो, कधी तासभर जातो. चकती, फ्यूज, नाहीतर रिले. दहातले निदान पाच बोर्ड तेवढ्यावर चालू होतात. उरलेल्या पाचांत मीही हात टेकतो.

आता जुन्याची आरती करणाऱ्यांसाठी. आज दुकानात मिळणारी सेमी म्हणजे गिरणाकाठ भाऊंची सेमी नव्हे. स्वस्तातल्या मशीनच्या मोटरीत तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची वायंडिंग असते. ती तापते लवकर आणि जळाली की वायंडिंगवालाही हात लावत नाही, मोटरच बदला म्हणतो. खाली पत्र्याच्या जागी पातळ प्लास्टिक. उंदीर खालून आत जातो आणि वायर कुरतडतो. पावसाळ्यातले माझे निम्मे कॉल उंदरांचे. तेव्हा "जुनी विरुद्ध नवी" म्हणत असाल तर निदान जुनी कुठली ते ठरवा.

फ्रंट लोडमध्ये मला सगळ्यात जास्त खटकतो तो टब. आधी बाहेरचा टब दोन भागांचा असायचा, स्क्रू काढले की उघडला. बेअरिंग बदला, बंद करा. आता बऱ्याच मॉडेलमध्ये दोन्ही भाग प्लास्टिक वितळवून जोडलेले असतात. बेअरिंग दोन-अडीचशेचं, पण टब उघडत नाही म्हणून अख्खा बदला, सात-आठ हजार. आमच्यातले काही जण करवतीने कापून, बेअरिंग बसवून, सिलिकॉन आणि स्क्रू लावून परत जोडतात. टिकतं. पण गिऱ्हाइकासमोर करत नाही. नवी मशीन करवतीने कापताना बघितली की माणसाला चक्कर येते.

आणि पाणी. तापीचं किंवा वाघूरचं नळाचं पाणी असेल तर ठीक. बोअरचं असेल तर तीन वर्षांनी हीटर बाहेर काढतो तेव्हा त्यावर खडीसाखरेसारखा थर असतो. ड्रमच्या पाठीमागे ॲल्युमिनियमची तीन पायांची कास्टिंग असते. खारं पाणी आणि जास्तीची पावडर मिळून तिला खातात, ती चुरते आणि एक दिवस स्पिनमध्ये धाडकन आवाज येतो. ते काम मी घेतच नाही.

सातपुडा_एक्सप्रेस

पक्कड दादा, सलाम. पण तुमच्याच बोलण्यावरून दिसतं की मशीन नाही, आपली वायरिंग आणि आपलं पाणी दोषी आहे. स्टॅबिलायझर लावा, न्यूट्रल आणि अर्थिंग तपासून घ्या, पावडर अर्धी टाका, दोन महिन्यांतून एकदा लिंबूसत्व टाकून रिकामी मशीन गरम पाण्यावर फिरवा. माझी सहा वर्षं चाललीय. लोक बादलीतली फेसाळ पावडर मूठभर फ्रंट लोडमध्ये ओततात आणि मग म्हणतात क्वालिटी घसरली.

गिरणाकाठ

म्हणजे मशीन तीस हजाराची, स्टॅबिलायझर वेगळा, लिक्विड वेगळं, लिंबूसत्व वेगळं, वर मशीनला काय मानवतं ते बघून आपण वागायचं. जावई आणलाय का घरात?

धुळेकर_मामा

एक बारीक गोष्ट कोणी बोललं नाही. फ्रंट लोडला पाण्याचं प्रेशर लागतं. टाकी मशीनपेक्षा निदान तीन मीटर उंच पाहिजे, तेव्हा कुठे ०.३ बार मिळतं. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, टाकी स्लॅबवरच बसवलेली. मशीन आली, जोडली, आणि पाऊण तास नुसती पाणीच मागत बसली. शेवटी टाकीखाली लोखंडी स्टँड केला, ९ हजार. सेमीला काय, बादलीनेही भरता येते.

आणि मे महिन्यात ४० डिग्रीचा प्रोग्राम लावूच नका हो. टाकीतलं पाणी आधीच तेवढं तापलेलं असतं. हीटर कशाला सोसायचा?

सातपुडा_एक्सप्रेस

😀 हे खरंय. विजेचा मोठा खर्च पाणी तापवण्यातच आहे. थंड पाण्यावर लावली तर फ्रंट लोडचं बिल कळतसुद्धा नाही.

विद्यापीठ_रोड, जळगाव

मला वाटतं दोघेही चुकीच्या माणसाशी भांडताय. बीईईचे (वीज बचतीची सरकारी संस्था) स्टार वॉशिंग मशीनवर २०१९ पासून आले. त्यात वीज मोजतात, पाणी मोजतात. मशीन किती वर्षं चालेल आणि उघडता येईल का, हे स्टारमध्ये कुठेच नाही. मग कंपनी जे मोजलं जातं तेच सुधारणार. युरोपात मार्च २०२१ पासून नियम आहे की वॉशिंग मशीनचं मॉडेल बाजारातून गेल्यावरही दहा वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत. फ्रान्समध्ये तर २०२१ पासून दुरुस्ती किती सोपी आहे याचे दहापैकी गुण मशीनवर लिहावे लागायचे, २०२५ पासून त्यांच्या जागी दुरुस्तीसकट टिकाऊपणाचे गुण आले. आपल्याकडे "राइट टू रिपेअर"चं सरकारी पोर्टल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालं, पण तशी सक्ती अजून नाही. "पाच स्टार" बघून आपण टिकाऊ समजतो आणि तिथेच फसतो.

केळीबाग

दहापैकी गुण भुसावळच्या पक्कडदादांना द्यायला लावा. करवत लागली की शून्य.

तिखट_नंदुरबार

@गिरणाकाठ, ते पांझराकाठ यांनी विचारलंय त्याचं उत्तर राहिलं. आईंना विचारलं का?

पाना_पक्कड

आणि भाऊ, तुमची सेमी नक्की काय करते ते तर सांगा. प्लग काढा, मागचं झाकण काढा, स्पिनचं झाकण मात्र बंद ठेवा (उघडं असलं की ब्रेक लागलेलाच असतो), मग मागून खालच्या बाजूने ड्रम हाताने फिरवून बघा. जड लागला तर ब्रेकची तार. मोकळा फिरतो पण चालू केल्यावर मोटर नुसती गुणगुणते, तर कपॅसिटर. काहीच आवाज नाही, तर झाकणाखालचा स्विच.

गिरणाकाठ (दोन दिवसांनी)

मागचं झाकण काढलं, ड्रम जड होता. ब्रेकची तार गंजून तुटलेली, एक टोक लोंबत होतं. बसस्टँडजवळच्या दुकानात ४० रुपयांना मिळाली. पंधरा मिनिटांत स्पिन चालू. भावाला लगेच व्हिडिओ पाठवला, अभिमानाने.

मग आईला विचारलं. (हो, ताई. उशिरा विचारलं.) तिने आधी तार बसवली म्हणून शाबासकी दिली. मग हात पुसत म्हणाली, "त्या पुण्याच्या मशीनमध्ये मध्येच एखादा रुमाल राहिला तर टाकता येतो का रे? आणि ती एवढी खाली असते, मला वाकायला लागेल का?"

मला दोन्हीचं उत्तर देता आलं नाही. सांगा आता कोणीतरी.

तिखट_नंदुरबार

रुमाल टाकता येतो, पण सुरुवातीलाच. पॉज दाबायचं. पाणी दाराच्या खाली असेल तर मिनिटभराने कुलूप सुटतं, नाहीतर उघडत नाही. वाकायला लागतं. खाली फूटभर ओटा बांधून घ्या, मी तेच केलं.

पाना_पक्कड

ओटा बांधला तर पक्का, सिमेंटचा. स्टूल-टेबलावर ठेवू नका, स्पिनला चालत येते. स्टॅबिलायझर मशीनच्या आधी घ्या, नंतर घेऊ म्हणणारे माझ्याकडेच येतात. आणि सेमी भंगारवाल्याला देऊ नका, शेतातल्या कपड्यांना राहू द्या. नकोच असली तर मला सांगा, मोटर तांब्याची आहे.

गिरणाकाठ

सेमी देत नाही. ओट्याला किती विटा लागतील?