दहा हजारांचा दंड लावा म्हणे!

वाकडी_वाट (धागालेखक):
काल 'निवृत्त_शिस्तप्रिय' यांनी मुंबईच्या राणीबागेवर लिहिलं. झाडावर नाव कोरणाऱ्याला दहा हजार दंड, फूल तोडणाऱ्याला वर्षभर प्रवेशबंदी, "सिंगापूरला करतात तसं". खाली 'सहमत', 'सहमत'ची माळ. तिथे लिहायला घेतलं आणि लांबलं, म्हणून वेगळा धागा.

सिंगापूरचा दंडच तेवढा सगळ्यांना पाठ. तिथल्या बोटॅनिक गार्डनला ऑर्किडची बाग सोडली तर तिकीट नाही आणि पहाटे पाचपासून मध्यरात्रीपर्यंत दार उघडं असतं, हे कोणी सांगत नाही. आपण २०१७ मध्ये राणीबागेचं पाचाचं तिकीट पन्नास केलं. आता दंडही तिकडचा हवा! मुंबईत थुंकायला २०० रुपये दंड २००६ च्या उपविधींतच आला. इथल्या किती जणांनी तो कोणाला भरताना पाहिलाय? आकडा वाढवून काय होणार? शिपाई धरणार कॉलेजच्या पोराला. ट्रॅकसूटमधल्या काकांची फुलांची पिशवी त्याला दिसत नाही.

निवृत्त_शिस्तप्रिय:
नाव घेतलंत, म्हणून उत्तर देतो. पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे जातं ते सालीच्या आतल्या थरातून. भोवतीनं गोल कापलीत तर झाड उभ्या उभ्या उपाशी मरतं. बागेत उर्वशी नावाचं फुलझाड आहे, मूळचं ब्रह्मदेशातलं, तिथल्या रानातही दुर्मीळ. तिला बी मुश्किलीनं धरतं. तिचा घोस ओरबाडणाऱ्याला काय हळदीकुंकू लावू? मी नोकरीत असताना एक मिनिट उशीर म्हणजे अर्धी रजा. माणसं सुधारली.

तळेगावचा_टग्या:
माणसं सुधारली की बदली मागून पळाली?

रानजाई:
काका, सालीचं बरोबर, पण सरसकट नाही. दाराशी आहे त्या गोरखचिंचेची साल सोलली तरी बहुतेक वेळा पुन्हा भरून येते. पातळ सालीच्या झाडांना ती चैन नाही. असो. वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून सांगते, बागेचा खरा शत्रू पेनचाकूवाला पोरगा नाही. तो असतो आकडीवाला! आमच्याकडच्या बागेत पहाटे पाच-सहा जण काठीला तार बांधून येतात. जास्वंद, तगर, सोनचाफा, कळ्यासुद्धा ठेवत नाहीत. फांदी मोडली तर मोडली. एका काकूंना हटकलं तर म्हणाल्या, "देवाचं झाड आहे, तुझ्या बापाचं नाही."

माजघर:
काकूंचं काय चुकलं? दोन फुलं देवाला घेतली तर बाग ओस पडते का? तुमचे विद्यार्थी हर्बेरियमसाठी रोप मुळासकट उपटून नेतात, वर्तमानपत्रात दाबतात आणि परीक्षा झाली की रद्दीत. ते शास्त्र आणि आमची ती चोरी!

रानजाई:
दोन फुलांना आकडी लागत नाही. हर्बेरियमचा टोला बसला, घ्या. साठ मुलांनी साठ रोपं उपटण्यात शास्त्र नाही, आणि मी वर्गाला मिळून एकच नमुना आणायला सांगते. पण आम्ही निदान परवानगीचा अर्ज करतो. तुमच्या देवानं कुठे अर्ज केलाय?

माजघर:
देवावर जाऊ नका. फ्लॅटच्या खिडकीत कुंडी ठेवली की सोसायटीची नोटीस येते. सासूबाई एक्क्याऐंशीच्या, फुलाशिवाय पूजा मानत नाहीत. बाजारात मूठभर शेवंतीला काय मोजावं लागतं ते विचारा. आणि प्राजक्त खाली पडलेलाच वेचतो आम्ही, तोही चोरीत धरणार का?

निवृत्त_शिस्तप्रिय:
पडलेलाही वेचू नये. नियम म्हणजे नियम.

रानजाई:
काका, सकाळी नऊला झाडूवाले तोच प्राजक्त पोत्यात भरतात. वेचू द्या की!

टेम्सकाठी:
इथली गोष्ट सांगतो. २०१४ च्या जानेवारीत लंडनच्या क्यू गार्डन्समधल्या काचघरातून जगातली सर्वांत चिमुकली वॉटर लिली दिवसाढवळ्या कोणीतरी उपटून नेली. रवांडातल्या गरम झऱ्याकाठची जात, तिथून तेव्हा ती नाहीशी झाली असंच मानत होते. ज्याला चोरायचंच आहे तो दंडाची पाटी वाचत बसत नाही.

तळेगावचा_टग्या:
तुम्ही फुलांत अडकलात. पाटीवरची शेवटची ओळ बघा, "असभ्य वर्तन करू नये". असभ्य म्हणजे काय ते शिपाई ठरवणार. २०१५ मध्ये पोलिसांनी मुंबईतल्या मढ-आक्साच्या हॉटेलांच्या खोल्यांतून जोडप्यांना बाहेर काढून सार्वजनिक असभ्य वर्तनाचं कलम ११० लावलं, बाराशे रुपये दंड. बंद खोली सार्वजनिक, मग बाकडं काय? एका बागेत मी बायकोबरोबर शेंगदाणे खात होतो, तर शिपायानं लग्नाचा दाखला मागितला. शेवटी पन्नास रुपयांत आमचं लग्न त्यानं मान्य केलं. दहा हजार करा, मग पाचशेला मान्य करेल.

निवृत्त_शिस्तप्रिय:
बागेत लहान मुलं येतात, तेव्हा काही मर्यादा...

वाकडी_वाट:
मुलांना शेंगदाण्यांपासून वाचवताय?

निवृत्त_शिस्तप्रिय:
टिंगल करा. बरं, दहा हजार नको, पाचशे घ्या. मोडलेल्या फांदीला दंड, पडलेल्या फुलाला नाही, एवढं सोडतो. पण पावती छापील हवी आणि पैसे बागेलाच मिळाले पाहिजेत. तुमच्या सगळ्या बडबडीत हा मुद्दा एकानंही मांडला नाही, हेही नोंदवतो.

तळेगावचा_टग्या:
पावतीला +१. फक्त पावतीपुस्तक शिपायाकडे नको.

माजघर:
माझ्याकडे द्या. रोज सहाला असतेच मी तिथे. पहिली पावती अशोकाच्या बुंध्याशी तंबाखू थुंकणाऱ्या शिपायाची. दुसरी रानजाईबाईंच्या विद्यार्थ्यांची.

रानजाई:
आणि आकडीची?

माजघर:
आकडी सासूबाईंची आहे. त्यांच्या नावानं फाडा, हिंमत असेल तर.